गेरूची नावं

"खाली बस! ए दूधवाल्या, खाली बस म्हन्तोय न्हव का! कुंद्री, कुंद्री! रेंज काय वर आभाळात लटकलीय व्हय रं तुझी?"

अण्णा ओरडत होते. अण्णांचा आवाज असा, की ते जळकोटात खाकरले तर सोलापुरात कुणीतरी झोपेत चादर ओढून घ्यायचं. पण त्या दिवशी, रायचूरच्या अलीकडं, कृष्णेच्या ऐन मध्यात, पाण्यानं तो आवाजही गिळला. आम्ही एका टोपलीत होतो. टोपलीच म्हणायची ती. बांबूची गोल होडी, खालून प्लास्टिक आणि त्यावर डांबर फासलेलं. पुढचं तोंड कुठलं नि मागचं कुठलं हे तिचं तिलाही ठाऊक नाही. तिच्यात एक म्हातारा नावाडी, अण्णा, मी, एक दूधवाला, दूधवाल्याची मोटरसायकल, तिला बांधलेल्या दुधाच्या दोन किटल्या, आणि आमच्या जिल्ह्यातली एकोणीस मेलेली माणसं. त्या एकोणिसांत एक माझा बाप.

दूधवाल्याचा फोन वाजला होता आणि तो घ्यायला तो उठून उभा राहिला होता. 'कुंद्री' म्हणजे कानडीत 'बसा'. दूधवाला जन्माचा कानडी. तरी बसला नाही.

अण्णा माझे घरमालक. जळकोटला हायवेच्या कडेला त्यांचं दोरखंडांचं दुकान. कासरे, दावी, वेसणी, ताडपत्र्या, चाळण्या आणि पोत्यांवर नावं टाकायचा गेरू. दुकानाच्या मागं एक खोली आणि त्या खोलीत मी, शाळेत विज्ञान शिकवणारा मास्तर. खोली दाखवताना अण्णा म्हणाले होते, "हवेशीर हाय. खिडकीतनं लिंब दिसतो."

दिसला. लिंबाला निंबोळ्या कमी आणि गाठोडी जास्त.

"हे काय टांगलंय अण्णा? बियाणं?"

"मानसं हायत," अण्णा म्हणाले. "कुनाला तरास देत न्हाईत. मागच्या भाडेकरूपरीस लई बरी."

सावडलेल्या अस्थी घरात आणायच्या नसतात, झाडाला टांगायच्या आणि मग नदीला न्यायच्या, ही आमच्याकडची रीत. टांगायला झाडं आहेत, नदीचं तेवढं अडतं. बोरी म्हणा, तेरणा म्हणा, नकाशात निळ्या असतात. नकाशाबाहेर आलं की पिवळ्या. लांब जाणं ज्याला जमत नाही तो आपलं गाठोडं अण्णांच्या लिंबाला आणून बांधायचा. लोहाऱ्याकडचे यायचे, वाशीकडचे यायचे. "आपल्या नदीत सोडलं तर मानूस तितंच बसून ऱ्हातंय," अण्णा म्हणायचे, "वर्सभर आपल्याकडं बघत."

आणि हा माणूस स्वतः लिंगायत. त्यांच्यात जाळत नाहीत. मी एकदा विचारलंही, "अण्णा, तुमच्यात अस्थीच नाहीत, मग तुम्हाला हे कशाला?"

"आमाला बसवून पुरत्यात, मास्तर. आमचं मानूस बसल्या जागी ऱ्हातंय. तुमच्या लोकांच्या नशिबात परवास हाय. तर करावा की धडपनी!"

गेल्या साली अण्णांनाही बसवूनच पुरलं. मीही मूठभर माती टाकली. आयुष्यभर एका जागी न टेकलेला माणूस शेवटी मांडी घालून बसला, एवढंच मनात आलं.

वर्षातून दोनदा ते निघायचे, एकदा पाऊस सरल्यावर आणि एकदा संक्रांतीच्या पुढं. पाठीवर युरियाच्या पोत्याची पिशवी. खांद्याला पट्टे म्हणून बैलाचा कासरा दुहेरी करून शिवलेला. ती पिशवी एवढी थोर, की मागून बघणाऱ्याला वाटावं पोतंच पायांवर चाललंय. आत चाळीसेक कडक भाकरी, शेंगाची चटणी, एक जर्मनचं ताट, खाली गाठोडी आणि वर दोराची वेटोळी. लॉज त्यांना ठाऊक नव्हता. लाल गाडीनं हद्दीपर्यंत, जीपगाडीला लोंबकळत कृष्णेपर्यंत, आणि तिथून पुढं नावेनं खाली खाली, या गावाच्या घाटावरून त्या गावाच्या घाटावर. वाळूची नाव, मासे धरणाऱ्याची नाव, बकऱ्यांची नाव, जी मिळेल ती. झोपायचं नावेत किंवा शाळेच्या ओसरीवर. आणि उतराई म्हणून दोर.

"नावाड्याला दोर पायजे असतो," अण्णा म्हणायचे. "खरं त्येचं त्येला ते ठावं नसतंय. आपून सांगायचं."

आणि सांगायचे, अर्धा अर्धा तास, अर्धं मराठीत, अर्धं कानडीत, मध्येच उर्दू पेरून. शेवटी नावाडी दोर घ्यायचा आणि आपण किती वर्षं दोराविना काढली म्हणून हळहळायचा. एकदा म्हणे त्यांना दुसरी नावच मिळेना, म्हणून ते एका वऱ्हाडाच्या लाँचमध्ये चढले आणि गाठोडी नवरीच्या पेट्यांशेजारी खांबाला अडकवून ठेवली. नवरीच्या मामानं विचारलं, "आहेर का?" अण्णा म्हणाले, "छे, पाव्हने हायत." वऱ्हाडानं त्यांना दोन पंगतीत बसवून जेवू घातलं. हे सांगताना अण्णा एवढे हसायचे, की टांगलेल्या वेसणीसुद्धा हलायच्या. मी त्यात थोडं माझ्या पदरचं घालून शाळेत सांगायचो. खरं ते एवढंच, की जेवण झाल्यावर त्या नवरीच्या आजीनं अण्णांना बाजूला घेऊन विचारलं होतं, "पाहुणे किती?" अण्णा म्हणाले, सात. म्हातारीनं पानावर सात घास काढून पाण्यात सोडले. हे मात्र अण्णा कधी हसत सांगायचे नाहीत.

त्यांचा एकच हट्ट. सगळ्यांना एका घाटावर ओतून मोकळं व्हायचं नाही. ज्याला त्याला त्याची जागा. पोस्टमन होता त्याला जिथं नावांची ये-जा असते तिथं. जन्मभर तोंड न उघडलेल्या एका बाईला धारेचा खळखळाट मोठा होता तिथं, "आता कर म्हनावं दंगा." आयुष्यभर भांडलेले एक नवरा-बायको वर्षाच्या अंतरानं गेले, तर अण्णांनी नवऱ्याला अलीकडच्या अंगाला सोडला आणि बायकोला बेटाच्या पलीकडून. "पुढं येक व्हत्यातच, खरं दोन कोस तरी शांतता." सोडायच्या आधी नाव घ्यायचं मोठ्यानं. आणि कुणी नातलग नसला, की ते स्वतःच हळू आवाजात 'व्हय' म्हणायचे.

हे कसं सुरू झालं, ते आम्हाला त्यांनी तीन वेळा तीन तऱ्हांनी सांगितलं. खरं काय ते एकदा त्यांच्या बायकोनं सांगितलं. तिला सगळे आक्का म्हणायचे. अण्णांच्या दुकानाची जुनी पद्धत होती. दोर हातानं मोजायचा आणि मोजून झाल्यावर एक हात वरचा, फुकट. दुकान चालायचं ते त्या वरच्या हातावर. एके सकाळी शेजारच्या वस्तीतला एक ओळखीचा माणूस आला. बैलाला म्हणून दोर मागितला. अण्णांनी मोजला, वरचा एक हात दिला, चेष्टा केली, चहा पाजला. दुपारी बातमी आली. त्याच्याकडं बैल नव्हताच. का केलं त्यानं, ते त्याच्या घरच्यांनाही उमगलं नाही. तेराव्यानंतर त्याची बायको गाठोडं घेऊन दुकानाच्या पायरीशी आली आणि म्हणाली, "दोर तुमचा व्हता. आता ह्ये बी तुमीच न्या." आणि ठेवून गेली.

तेव्हापासून अण्णांनी वरचा हात देणं बंद केलं. आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचे, "कशाला पायजे?" नुसतं विचारायचे नाहीत, डोळ्यांत बघून विचारायचे. लोक म्हणायचे, म्हातारं सरकलं. एकदा एकाला झोक्यासाठी दोर हवा होता, तर अण्णा त्याच्या घरी जाऊन झोका बघून आले. त्यावर बसूनही आले.

मग ते दुसऱ्या लाटेचं साल आलं. गाड्या बंद, नावा बंद, आणि लिंब मात्र दिवसागणिक जड. रोज कुणीतरी फटफटीवर यायचं, तोंडाला फडकं बांधलेलं, लांबूनच हात जोडायचं आणि गाठोडं बांधून जायचं. फांदी वाकत वाकत माझ्या खिडकीच्या गजाला टेकली. मी खिडकी लावून घेतली. आणि म्हणे मी मोठा विज्ञानाचा मास्तर!

त्या फांदीवर शेवटी माझे वडीलही आले.

आमचं घर सास्तूरला, भूकंपानंतर आखून दिलेल्या ओळीतलं. वडील विहिरी खोदायचे. आपल्या नव्हे, लोकांच्या. पंचक्रोशीत अशी विहीर नव्हती जिच्या तळाशी माझा बाप उभा राहिला नाही. आणि अशीही फार थोडी, जिच्या तळाशी त्याला गुडघ्याच्या वर पाणी लागलं. वर उभा असलेला मालक विचारायचा, "लागलं का?" आणि खालून उत्तर यायचं, "अजून दोन हात." आमच्या घरात लहानपणी कशालाही हेच उत्तर होतं. भाकरी झाली का? अजून दोन हात. पगार झाला का? अजून दोन हात.

मोठ्या गावच्या दवाखान्यात अकरा दिवस होते. आत कुणाला सोडत नव्हते. बाराव्या दिवशी फोन आला. तिकडंच जाळलं, आम्ही फाटकाबाहेर उभे. दोन दिवसांनी फाटकाच्या गजांतून एक मडकं माझ्या हातात आलं, वर चिकटपट्टी, तिच्यावर वडिलांचं नाव. मी सही केली. आई रिक्षात बसली होती. तिनं ते मांडीवर घेतलं आणि सास्तूर येईस्तोवर दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

नंतर ते मडकं गाठोड्यात बांधून तीच माझ्याबरोबर जळकोटला आली. अण्णांना म्हणाली, "जन्मभर कोरड्यात हुबे ऱ्हायले. त्यास्नी खोल पान्यात सोडा. जिथं तळ लागत न्हाय, तिथं."

"सोडतो ताई," अण्णा म्हणाले. "कृष्णेत येक डोह हाय. त्येचा तळ नावाड्याच्या आज्यानंबी बघितलेला न्हाय. त्यो म्या आजवर कुनालाच दिला न्हाय. तुमच्या मालकांस्नी दिला."

मी या शब्दांना साक्षीदार आहे. आईच्या तोंडावर वडील गेल्यापासून पहिल्यांदा काहीतरी हललं, तेही मी पाहिलं.

नावा सुरू व्हायला पुढं किती महिने गेले. तोवर गाठोडी उन्हापावसानं कुजली होती. आक्कानं, जिनं आयुष्यभर त्या झाडाखालून जाताना पदर तोंडावर धरला, तिनं दुकानातलं मांजरपाट काढलं आणि एकोणीस पिशव्या शिवल्या. सगळ्या एकसारख्या, दुहेरी टाक्याच्या. मडकी प्रवासात फुटतात म्हणून त्यांतलं पिशव्यांत भरलं. आणि अण्णांनी गेरू कालवला, कुंचला घेतला, आणि एकेका पिशवीवर नाव टाकलं, वळणदार, मोठ्या अक्षरांत, जशी आडतीवर पाठवायच्या पोत्यांवर टाकायचे.

मी शेजारी उभा होतो. विज्ञानाचा मास्तर. विद्राव्य म्हणजे काय ते सातवीला दरसाल शिकवणारा. मलाही सुचलं नाही. चाळीस वर्षं पोत्यांवर गेरूनं नावं टाकलेल्या माणसाला आणि त्या मुलखात जन्मलेल्या मास्तराला, पोतं भिजू शकतं हे सुचलं नाही. आमच्याकडं पोत्याला पाणी लागतंय कुठं?

मी त्या खेपेला बरोबर गेलो. तीन दिवस. काय सांगू त्या तीन दिवसांचं! वडिलांचं ओझं पाठीवर आणि तरीही मी हसलो, हे कबूल करतो. वाळूच्या नावेत एक बकरी अण्णांच्या चार भाकरी आणि दोराचं एक वेटोळं खाऊन वर त्यांच्याच मांडीवर झोपली. एका गावात शाळेच्या ओसरीवर झोपलो, तर सकाळी डोळे उघडले तेव्हा सगळी पोरं रांगेत उभी राहून आमच्याकडं तोंड करून प्रार्थना म्हणत होती. तोवर पाच-सहा घाट मागं पडले होते, पण अण्णांनी पिशवी एकही उघडली नाही. म्हणाले, "आधी तुमचे वडील. डोह म्होरं हाय. मग येताना बाकीच्यास्नी सावकाश जागा बघू."

चौथ्या दिवशी डोहाच्या वरच्या अंगाला ती टोपली मिळाली, तिच्यात दूधवाला आला, आणि दूधवाल्याचा फोन वाजला.

टोपली उलटली नाही. उलटली असती तर बरं, असं नंतर वाटलं. ती नुसती एका अंगाला कलली, मोटरसायकल दूधवाल्यावर पडली, दूधवाला अण्णांवर, दोन्ही किटल्या सांडल्या, आणि वीतभर पाणी भसकन आत आलं. नावाड्यानं शिव्यांच्या ठेक्यावर वल्हं मारत टोपली बेटाच्या रेतीला लावली. माणसं चारी धड. पिशव्याही एकोणीस, एकही गेली नाही. मी मोजल्या आणि देवाचे आभार मानले.

मग त्या उन्हात काढून ठेवल्या.

सगळ्या तांबड्या होत्या. वरपासून खालपर्यंत, एकसारख्या. अक्षर म्हणून कुठं राहिलं नव्हतं. एका पिशवीवर एक वेलांटी तेवढी दिसत होती, आणि वेलांटी एकोणिसांपैकी अकरा नावांत होती.

"अण्णा," मी म्हणालो, "यात माझे वडील कुठले?"

अण्णांनी एक पिशवी उचलली, खाली ठेवली. दुसरी उचलली. हातानं वजन केलं, जसे दोराचं करायचे.

"अण्णा, मी विचारतोय!"

"मला कळंना, मास्तर."

मी काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. बोलायचं ते सगळं बोललो. दोराचं बोललो. त्या बैल नसलेल्या माणसाचंही बोललो, जे बोलायला नको होतं. दूधवाला भिजल्या कपड्यांनी लांब जाऊन उभा राहिला. अण्णांनी मला एकदाही अडवलं नाही. ज्यांच्या आवाजानं सोलापूर दचकायचं, ते रेतीत बसून राहिले आणि ओल्या बोटांना लागलेला गेरू धोतराला पुसत राहिले. जाईना.

दुपार कलल्यावर नावाडी म्हणाला, मला घरी जायचंय. तेव्हा अण्णा उठले.

"येकाला डोह कबूल केलाय," ते म्हणाले. "कोन त्यो ते कळत न्हाय. तवा समद्यास्नी डोह."

टोपली डोहावर नेली. तिथं पाणी हलत नव्हतं, नुसतं काळं होतं. अण्णांनी एकोणीस नावं पाठ म्हटली, गावासकट, एकही न चुकता. प्रत्येक नावानंतर थांबले. वडिलांच्या नावाला ते थांबले तेव्हा मी 'व्हय' म्हणायला हवं होतं. मी म्हणालो नाही. कुठल्या पिशवीकडं बघून म्हणणार? मग अण्णाच म्हणाले. पिशव्या उघडून एकामागून एक रिकाम्या केल्या. पोस्टमनसारखा कुणी असेल त्यात, मुका असेल, भांडखोर असेल. सगळे एकाच जागी गेले.

परतीच्या गाडीत मी एकच गोष्ट बोललो. "आईला सांगायचं नाही. तिला सांगा, डोहात सोडलं. ते खोटंही नाही."

"सगळ्यांस्नी सांगनार," अण्णा म्हणाले. "एकोनीस घरं हायत. एकोनीस बी घरी जानार."

"कशाला? कुणाला कळणार आहे?"

"म्या नाव लिवलं व्हतं न्हव? मग पुसलं बी म्याच. ते सांगाया नगं?"

आणि गेले. सदुसष्ट वर्षांचा माणूस, उन्हात, गावोगाव, पाठीवर तीच पिशवी, आता रिकामी. वाशीकडच्या एका घरात पोरानं त्यांची कॉलर धरली. एका घरात म्हातारीनं दार लावून घेतलं. एका घरात लोकांनी ऐकून घेतलं, चहा दिला आणि म्हणाले, आमी इसरलोच व्हतो त्येचं. त्याचं अण्णांना सगळ्यात जास्त लागलं. अठरा घरं झाली. आमचं घर त्यांनी शेवटी ठेवलं होतं. मी त्यांच्या आधी सास्तूरला जाऊन बसलो, की जमलं तर दारातच अडवावं.

जमलं नाही. आईनंच हाक मारली, "या की, असं भाईर का हुबं?"

ती ओसरीवर सुपात तुरीची डाळ निवडत होती. अण्णा समोर उकिडवे बसले. पाणी दिलं ते प्यायले नाहीत. इतक्या घरांत सांगून सांगून त्यांचं बोलणं झिजून एवढंसं झालं होतं.

"ताई, म्या गेरूनं नावं टाकली व्हती. पानी लागलं, धुऊन गेली. सगळ्यास्नी येकदमच सोडावं लागलं. तुमचे मालक कुटले, मला म्हाईत न्हाय. म्या चुकलो."

मी आईकडं बघत होतो. तिनं सुपातला एक खडा उचलला, अंगणात टाकला.

"दवाखान्यानं हातात दिलं," ती म्हणाली, "तवा तरी कुटं म्हाईत व्हतं?"